वाळूजच्या कंपनीत वर्षाला दोन दिवस समाजकार्यासाठी भरपगारी सुट्टी मिळते. एक-दोन दिवसांचं काम कुठं शोधावं?

आधी एचआरकडं नाही, सीएसआर (कंपनीचा समाजकार्याचा निधी) बघणाऱ्याकडं जा. कंपनी ज्या संस्थांना निधी देते त्यांची यादी त्याच्याकडं असते, आणि त्या संस्था ओळखीच्या असल्यानं मंजुरी लवकर मिळते. यादीतल्या संस्थेला थेट फोन करून विचारा, “आम्ही पाचजण अमुक तारखेला येतोय, एका दिवसात संपेल असं काय आहे?” नुसतं “मदत करायचीय” म्हटलं की फोटोपुरतं काम मिळतं.

मराठवाड्यात काम हंगामावर ठरतं. एप्रिल-मेमध्ये बंधाऱ्यातला गाळ काढणं, तेही सकाळी सहा ते नऊ, नंतर ऊन सोसवत नाही. झाडं लावायची तर चांगला पाऊस झाल्यावरच. आधी लावलेली रोपं जळतात. हिशेब, संगणक, वायरिंग येत असेल तर तेच द्या, संस्थांना त्याचीच खरी चणचण असते.

निघण्याआधी त्या दिवसाची ‘ऑन ड्युटी’ नोंद ईमेलवर घ्या. सुपरवायझरच्या तोंडी होकारावर गेलात तर पगारपत्रकात गैरहजेरी लागू शकते, आणि तिथं इजा झाली तर विम्याचा घोळ होतो.