वाचक विचारतात: दहावी अनुत्तीर्ण मुलासाठी सरकारी प्रशिक्षण

प्रश्न: माझा सतरा वर्षांचा मुलगा यंदा दहावीला गणित आणि विज्ञान या विषयांत अनुत्तीर्ण झाला. रबाळ्याच्या एका कारखान्यात सरकारी योजनेतून सहा महिन्यांचे प्रशिक्षण आणि विद्यावेतन मिळवून देतो, असे सांगून एक मध्यस्थ पाच हजार रुपये मागत आहे. पैसे द्यावेत का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर: देऊ नयेत. वर्णनावरून ही राज्य शासनाची २०२४ सालची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना असावी. परंतु तिच्यासाठी वय किमान १८ वर्षे आणि शिक्षण किमान बारावी लागते, त्यामुळे तुमचा मुलगा तिच्यात बसतच नाही. शिवाय विद्यावेतन शासनाकडून थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होते. मग मध्यस्थाचे काम काय, हे त्यालाच विचारावे.

दहावी हुकली की आयटीआयही हुकले, हा समज घरोघरी आढळतो आणि तो चुकीचा आहे. इलेक्ट्रिशियन किंवा फिटर या ट्रेडना दहावी उत्तीर्ण व्हावे लागते हे खरे; पण वेल्डर, प्लंबर आणि वायरमन यांना दहावी अनुत्तीर्ण मुलांनाही प्रवेश मिळतो. पहिले दोन अभ्यासक्रम एका वर्षाचे आहेत, तर वायरमनचा दोन वर्षांचा. तुम्हाला जवळचे शासकीय आयटीआय ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आहे. प्रवेश मात्र राज्यभर एकाच ऑनलाइन पद्धतीने होतात.

कारखान्यातच शिकायचे असेल, तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली शिकावे. तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला असे उमेदवार घ्यावेच लागतात. हा उमेदवार कामगार मानला जात नाही आणि मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधनही मालकावर नसते, हे आधीच समजून घ्यावे. मात्र काम करताना इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे आणि हे सारे नोंदणीकृत लेखी करारावर चालते. त्या कराराशिवाय यंत्रापुढे उभा केलेला मुलगा ‘ट्रेनी’ नावाचा स्वस्त कामगार ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आयटीआयचा अर्ज भरतानाच दहावीच्या पुरवणी परीक्षेचाही अर्ज भरावा. दहावी उत्तीर्ण होऊन दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केल्यास पुढे तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी अर्ज करता येतो.