'ये ना' मधला ना: नकाराचा की आग्रहाचा?

प्रश्न असा आला आहे: "'ये ना', 'बस ना', 'आहे ना' यांतला ना नकाराचाच का? असेल तर त्यातून आग्रह कसा निघतो? आणि कोरियन मालिकांमधली माणसं होकार देताना 'ने, ने' करतात, ग्रीक लोकही हो म्हणायला 'ने'च म्हणतात. आपल्या 'ना'शी यांचं काही नातं आहे का?"

थोडक्यात उत्तर: पहिल्याचं हो, माझ्या मते नकाराचाच. शेवटच्याचं नाही. कोरियन आणि ग्रीक 'ने' यांचा आपल्या 'ना'शी संबंध नाही, त्या दोघांचा एकमेकांशीही नाही. मधला प्रश्न मात्र गोड आहे आणि त्याला थोडा वेळ द्यावा लागेल.

आधी घरातलेच ना वेगळे करून घेऊ, कारण मराठीत ते एकाच कपड्यात फिरतात. 'ना धड इकडे ना तिकडे' यातला ना सरळसरळ नकार. 'त्यांना', 'मुलांना' यातला ना विभक्तीचा. शाळेत 'स, ला, ना, ते' घोकलेलं आठवत असेल, तोच तो. त्याचा नकाराशी काही संबंध नाही, त्याला बाजूला बसवू. तिसरा धातूच्या शेपटाला लागतो: 'पाऊस थांबेना', 'पोरगं ऐकेना', 'घास गिळवेना', 'काही सुचेना'. हा मला मराठीतला सगळ्यात देखणा ना वाटतो. 'पाऊस थांबत नाही' ही बातमी झाली. 'पाऊस थांबेना' म्हटलं की खिडकीशी ताटकळलेलं माणूस दिसतं. चौथा नामाला किंवा विशेषणाला पुढून चिकटतो: नापसंत, नालायक, नाराज, नाइलाज, नाहक. हा फारसीतून आला आणि इतका रुळला की 'ना हरकत प्रमाणपत्र' आपण सरकारी कचेरीत मागतो आणि क्रिकेटमध्ये फलंदाजाला नाबाद ठेवतो. व्याकरणाच्या पुस्तकात 'नापसंत' हे नञ् तत्पुरुषाचं उदाहरण म्हणून देतात. फारसी शब्दाला संस्कृत समासाचं नाव! ऐकायला विचित्र वाटतं, पण अगदी चूक नाही. कारण फारसी 'ना' आणि संस्कृत 'न' चुलतभाऊच आहेत.

आणि पाचवा, ज्याबद्दल प्रश्न आहे तो: 'येतोस ना?', 'सांग ना', 'हो ना!', 'मी ना, काल ना, बाजारात ना...'

चुलतभावांचा विषय निघालाच आहे तर तो आवरून घेऊ. इंडो-युरोपीय भाषाकुळात नकाराचा मूळ आवाज 'ने' असा होता, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतात त्याचा 'न' झाला. रशियन 'न्येत' घ्या: त्यात 'न्ये' म्हणजे न आणि 'येस्त' म्हणजे अस्ति. म्हणजे आपल्या 'नास्ति'च्याच विटा, फक्त भिंत मॉस्कोत. लॅटिन 'नोन' हा 'न' आणि 'एक' यांचा जोड, 'एकही नाही' असा. त्याचा पोर्तुगीजमध्ये नाकात बोलला जाणारा 'नांव' झाला. इंग्रजी 'नो'ची गंमत तर अशी की हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तो चक्क 'ना' होता: 'ने' म्हणजे न, आणि 'आ' म्हणजे कधीही. पुढे त्या भाषेतला दीर्घ आ सरसकट ओकडे झुकला. 'स्तान'चा 'स्टोन' झाला, 'बान'चा 'बोन' झाला, त्याच लाटेत 'ना'चा 'नो' झाला. स्कॉटलंडमध्ये अजून 'ना', 'ने' ऐकू येतात. 'नॉट'सुद्धा याच 'ना'ला 'विख्त' म्हणजे वस्तू हा शब्द चिकटून, झिजून झालेला आहे.

गोव्यात यातले दोन दूरचे नातेवाईक एकमेकांसमोर आले. कोकणीत 'ना' हा पूर्ण ताठ कण्याचा शब्द आहे. 'म्हाका खबर ना' म्हणजे मला माहीत नाही. नुसतं 'ना' म्हणूनही वाक्य होतं. 1510 नंतर तिथे पोर्तुगीजांचा 'नांव' आला. दोघांनाही एकमेकांचा नकार समजायला दुभाषा फारसा लागला नसावा. मराठी माणूस मात्र गोव्यात कधीकधी फसतो. समोरचा 'ना' म्हणतो आणि हा पुढचा शब्द ऐकायला थांबतो, जणू वाक्य अजून संपायचंय.

आता आग्रहाकडे. नकाराचा शब्द वाक्याच्या शेवटी आणून ठेवायचा आणि समोरच्याकडून होकार काढायचा, ही युक्ती जगभर आहे. पोर्तुगीज लोक, विशेषतः ब्राझीलचे, वाक्यावाक्याला 'ने?' लावतात. तो 'नांव ए', म्हणजे 'नाही आहे?', याचा आखडलेला अवतार. फ्रेंचांचं 'नेस्पा', जर्मनांचं 'निष्ट वार' यांतही नकारच आहे. पण माझं आवडतं उदाहरण लॅटिनचं. तिथे प्रश्न करायचा तर शब्दाला 'ने' चिकटवत. 'एस्त' म्हणजे आहे, 'एस्तने?' म्हणजे आहे का? हा 'ने' मुळात नकाराचाच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणि होकारच अपेक्षित असेल तर नकाराला पुन्हा नकार जोडून 'नोन्ने' म्हणत. आपण 'खरंय की नाही?' विचारतो तेव्हा 'नाही' हे उत्तर कुणालाच नको असतं, तसंच ते.

मराठीत हे कसं घडलं असावं, याची मला पटणारी उकल अशी. 'तू येतोस की नाही?' हा पूर्ण प्रश्न. त्यातलं 'की नाही' झिजून 'ना' उरलं: 'येतोस ना?' इथवर तो खरोखरीचा प्रश्न आहे, फक्त विचारणाऱ्याने आपलं मत आधीच दिलेलं. मग तोच ना आज्ञेला लागला: 'ये ना'. आज्ञा देऊन लगेच समोरच्याला नाही म्हणायची फट ठेवली की आज्ञेची विनंती होते. 'बस' यात हुकूम आहे, 'बस ना' यात पाट मांडलेला आहे. आणि शेवटी, लहान मुलांच्या आणि लाडात आलेल्या मोठ्यांच्या बोलण्यात, अर्थ सगळा गळून नुसता हात धरून ठेवणं उरलं: 'मी ना, आज ना, शाळेत ना...' ऐकणाऱ्याने प्रत्येक ना ला हुंकार द्यायचा असतो. नाही दिला तर मूल तिथेच थांबतं, हे कुठल्याही आजीला विचारा.

इथे बंगालीशी तुलना उपयोगी पडते. बंगालीत ना क्रियापदानंतर येतो: 'जाबो ना' म्हणजे जाणार नाही. पण त्यांच्याकडे 'एशो ना' याचा अर्थ 'येऊ नकोस' असाही होतो आणि 'ये ना' असाही, सगळी भिस्त सुरावर. मराठीत ही पंचाईत होत नाही, कारण मनाई करायला आपल्याकडे 'नको' नावाचा स्वतंत्र, खणखणीत शब्द आहे. 'येऊ नको' आणि 'ये ना' यांची गल्लत कुणी करूच शकत नाही. 'नको'ने ते काम उचललं म्हणून आज्ञार्थातला 'ना' लाडीगोडीला मोकळा झाला, असं मी म्हणेन.

नकारातून परवानगी निघण्याची आणखी एक तऱ्हा मराठीत आहे: 'असेना का!', 'बोलेना का, आपलं काय जातं?', 'कसं का होईना'. शब्दशः पाहिलं तर नकार, अर्थाने खुशाल मुभा. 'हो ना करता करता' कबूल झालेला माणूसही आपल्याला रोज भेटतो.

आता वेदाकडे एक उडी, कारण 'न'ने सगळ्यात मोठी चकवाचकवी तिथे केली आहे. ऋग्वेदात 'न' म्हणजे नाही, आणि 'न' म्हणजे 'सारखा' सुद्धा. वेदातल्या शब्दांचे अर्थ उलगडणाऱ्या प्राचीन यास्काने आपल्या 'निरुक्त' या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात हे नोंदवलंय: बोलीभाषेत न निषेधाचा, वेदात मात्र दोन्ही. आणि ओळखायची खूणही देतो. 'नेन्द्रं देवममंसत' यात न आधी, म्हणून तो निषेधाचा: इंद्राला त्यांनी देव मानलं नाही. 'दुर्मदासो न सुरायाम्' यात न नंतर, म्हणून तो उपमेचा: सुरा पिऊन माजलेल्यांसारखे. म्हणजे ज्याचा निषेध करायचा त्याच्या अगोदर, ज्याची उपमा द्यायची त्याच्या मागून. ही खूण माहीत नसेल तर दारुड्यांना आपण बिनपिते ठरवून बसू. 'सारखा' हा अर्थ 'नाही'तूनच निघाला (हा काही अगदी तो नव्हे, पण तसा) असं काही जण मानतात, काहींना ते दोन निराळे शब्द वाटतात.

संस्कृतातले आणखी दोन ना जाता जाता. 'नृ' म्हणजे पुरुष, त्याची प्रथमा 'ना'. आणि 'नाना' म्हणजे अनेक, निरनिराळे. पाणिनी त्याची फोड 'विनञ्भ्यां नानाञौ न सह' या सूत्रात करतो: 'वि'ला 'ना' लागून 'विना', नकाराच्या 'न'ला तसाच प्रत्यय लागून 'नाना', दोन्हींचा अर्थ 'सोबत नसलेला'. तेव्हा 'नाना तऱ्हा'मधला पहिला ना, पाणिनीच्या हिशेबी, नकाराचाच. आपल्या घरातले नाना मात्र वेगळे.

ग्रीक 'ने' कडे येऊ. जुनं रूप 'नै'. त्याच्याच जोडीचा 'ने' शपथेत यायचा: 'ने दिआ' म्हणजे झ्यूसची शपथ, खरंच. मूळ अर्थ 'खरोखर, निश्चित' असा, नकाराचा लवलेश नाही. ग्रीकांनी कुळातला जुना नकार रोजच्या बोलण्यातून काढूनच टाकला होता. त्या जागी 'ऊ' आला, आणि आज त्याच्या वंशातलं 'ओही' म्हणजे नाही. मराठी कानाला हे पुरतं उलटं: 'ने' म्हणजे हो, आणि 'ओ' सारखं सुरू होणारं ते नाही. जुना नकार ग्रीकमध्ये काही समासांत तेवढा राहिला. मेघालयातली किडे खाणारी घटपर्णी वनस्पतीशास्त्रात 'नेपेन्थिस' म्हणून ओळखली जाते. त्यातला 'ने' म्हणजे न, 'पेन्थोस' म्हणजे शोक.

चेक आणि पोलिश लोकही असंच गोंधळवतात. बोलताना ते 'नो' म्हणतात, आणि अर्थ 'हो, हो' असा. कोरियन 'ने' तर वेगळ्याच कुळातला.

बाकी केवळ आवाज जुळलेले ना कितीतरी. रशियन माणूस हात पुढे करून 'ना!' म्हणाला तर तो नाकारत नाहीये, 'घे' म्हणतोय. थाई बोलण्यात ऱ्हस्व 'न' थेट आपल्यासारखा लाडाचा, वाक्य मऊ करणारा, आणि दीर्घ 'ना' म्हणजे भातशेत. चियांग माई ज्या राज्याची राजधानी होती ते 'लान ना', म्हणजे दहा लाख शेतं. हनोईच्या बाजारात 'ना' मागितलंत तर सीताफळ मिळेल. जपानीत 'इकुना' म्हणजे जाऊ नकोस, 'इकिना' म्हणजे जा ना. मधला एक स्वर बदलला की मनाईचा आग्रह! पण तो दुसरा 'ना' 'नासाइ' या आज्ञार्थी रूपाचा तुकडा आहे, पहिल्याशी त्याचं देणंघेणं नाही. आणि इतकं लांब तरी कशाला जा? सोलापुरात तेलुगूतला 'ना' म्हणजे माझा, कन्नडमधला 'ना' म्हणजे मी, आणि मराठीतला 'ना' म्हणजे तुम्हीच ठरवा, असे तिन्ही एकाच गल्लीत ऐकू येतात. एकाच आवाजाचे शब्द दोन भाषांत सापडले की लगेच वंशावळ मांडायची घाई करू नये, ती एवढ्यासाठी. एक अक्षर, एक स्वर, इतक्या आखूड शब्दांत योगायोग फुकट मिळतो.

पत्रात शेवटी एक छोटा प्रश्न होता: हा ना जोडून लिहायचा की तोडून? आग्रहाचा आणि प्रश्नाचा ना नेहमी सुटा: 'कर ना', 'येतेस ना?', 'हो ना'. धातूला लागलेला नकाराचा ना जोडून: 'करेना', 'होईना', 'सुचेना'. विभक्तीचा अर्थातच जोडून. फारसी ना-ही जोडूनच, 'ना हरकत' हा रूढ अपवाद. व्हॉट्सॲपवर 'सांगना', 'येना' असं सर्रास दिसतं. अर्थ कळतो, हे खरं. पण 'बोलना' वाचताना मी दर वेळी क्षणभर हिंदीत जाऊन परत येतो.