जर्मनीत रात्री किंवा रविवारी औषध लागलं तर कुठे मिळतं?

मिळतं, अगदी मध्यरात्रीही मिळतं. तुम्ही लिहिलंय की मुलीला शनिवारी रात्री ताप चढला आणि गावातलं एकुलतं एक मेडिकल थेट सोमवारी उघडणार होतं, मीपण इथे छोट्या गावात राहते म्हणून तुमची काय धावपळ झाली असेल ते कळतंय.

इथल्या मेडिकलला आपोथेके म्हणतात आणि त्यांना आळीपाळीने रात्रपाळी करावीच लागते, त्याला म्हणायचं नोटडीन्स्ट. आज पाळी कुणाची ते कुठल्याही बंद आपोथेकेच्या दारावर लावलेलं असतं किंवा मोबाईलवरून 22833 ला फोन करा. खेड्याकडे ते चांगलंच लांब निघू शकतं, म्हणून गाडी काढायच्या आधी तिथे फोन करून औषध आहे ना ते विचारूनच घ्या.

तिथे पोचलात की दार बंद असेल, आत अंधारही असेल, तरी परत फिरू नका प्लीज, बेल वाजवा. फार्मासिस्ट आतच असतो आणि दारातल्या छोट्या खिडकीतून औषध देतो. आपल्याकडच्या लोकांना एवढ्या रात्री कुणाला उठवायचं याचा फार संकोच वाटतो, पण अहो तो त्याचसाठी तिथे थांबलेला असतो. रात्री 8 ते सकाळी 6 आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी दिवसभर अडीच युरो जादा घेतात, डॉक्टरने प्रिस्क्रिप्शनवर नॉक्टुची, म्हणजे रात्रीच्या तातडीची खूण केली असेल तर सरकारी विम्यात तेही तुम्हाला भरावे लागत नाहीत.

तापाचं साधं सिरप चिठ्ठीशिवाय मिळतं, पण अँटिबायोटिक नाही म्हणजे नाही, कितीही विनवण्या करा. त्यासाठी आधी 116117 ला फोन करायचा, तिथून ड्युटीवरचा डॉक्टर कुठे बसलाय ते सांगतात. मूल नीट श्वास घेत नसेल, फिट आली असेल तर मात्र औषध शोधत बसायचंच नाही, सरळ 112 ला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा.

आणि साधी पॅरासिटामॉलसुद्धा इथे लिडल, रेवेसारख्या सुपरमार्केटमध्ये मिळत नाही, सगळं आपोथेकेतच, त्यामुळे मुलांच्या वजनाप्रमाणे चालणारं तापाचं औषध आणि थर्मामीटर शुक्रवारीच घरात आहे का बघत जा. भारतातली नावं इथे कुणाला कळत नाहीत, क्रोसिन म्हणू नका, पॅरासिटामॉल म्हणा, आणि मुलीचं वजन किती आणि आधीचा डोस किती वाजता दिला ते सांगा, ते हमखास विचारतात.