चीनमधल्या 1959-61 च्या दुष्काळाचे परिणाम आजही दिसतात का?

तुम्ही विचारलंय की चीनमध्ये 1959 ते 61 या काळात कोट्यवधी माणसं भुकेनं गेली, त्याचं तिथल्या समाजात आज काही उरलंय का, की दोन पिढ्यांत सगळं पुसलं गेलं. उरलंय, आणि मोजता येईल इतकं उरलंय. पण ते शोधायचं तर आधी हा दुष्काळ पडला कसा हे समजून घ्यावं लागतं. नंतरचे परिणाम पावसाच्या नकाशावर बसत नाहीत. सरकारनं धान्य कुठून किती उचललं, त्या नकाशावर बसतात.

1958 मध्ये माओंची 'मोठी झेप' (शेती आणि उद्योग झपाट्यानं वाढवायची सरकारी मोहीम) सुरू झाली आणि खालपासून वरपर्यंत पिकाचे आकडे फुगवले गेले. त्या वर्षी 37.5 कोटी टन धान्य पिकल्याचं जाहीर झालं. नंतर दुरुस्त केलेला आकडा निघाला 20 कोटी टन. 1959 मध्ये पीक 17 कोटी टनांवर आलं, 1960 मध्ये 14.35 कोटींवर. सरकारी वसुली (आपल्याकडे जिला लेव्ही म्हणायचे तीच) मात्र फुगवलेल्या आकड्यांवर ठरली. 1959 मध्ये पिकाचा जवळपास 40 टक्के हिस्सा गावांतून उचलला गेला आणि सुमारे 42 लाख टन धान्य निर्यात झालं. उलटं वाटेल, पण ज्या भागांत माणशी पीक जास्त होतं, तिथेच मृत्यूही जास्त झाले, कारण 'इथे भरपूर आहे' म्हणून तिथून जास्त नेलं. हनान प्रांतातल्या शिन्यांग भागात 80 लाख वस्तीपैकी सुमारे 10 लाख माणसं गेली; कोठारांत धान्य होतं आणि बाहेर जाणारी पत्रं पोस्टात अडवली जात होती.

दुसरी गोष्ट सामुदायिक भोजनगृहांची. घराघरांतल्या कढया वितळवून पोलाद करायला नेल्या आणि घरात धान्य ठेवायला बंदी आली. 1958 च्या शरदात लोक तिथे पोटभर जेवले. हिवाळ्यानंतर पातेल्यात पातळ पेज उरली आणि घरी तर चूलच नव्हती. ओगराळं कोणाच्या हातात आहे आणि तो ते पातेल्याच्या तळापर्यंत घालतो की वरवर फिरवतो, यावर कुटुंबं जगली किंवा मेली. सरकारी भाषेत तेव्हा 'क्वा-त्साय-ताय' म्हणजे 'भोपळा-भाजीपाल्यावर भागवा' अशी मोहीम होती. ते संपल्यावर झाडाची साल, कोंडा, आणि शेवटी 'क्वानयिन माती' नावाची पांढरी चिकणमाती. ती पोट भरल्यासारखं करते, पण आतड्यात घट्ट बसते आणि माणूस त्यानंच जातो.

एकूण मृत्यूंचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. बरेचसे 3 कोटींच्या आसपास येतात. फरक मुख्यतः दोन कारणांनी पडतो: 'एरवी किती मेले असते' हा आधार कोणता धरला, आणि नोंदच न झालेले मृत्यू किती मानले. काही लेखांत न जन्मलेली मुलंही बेरजेत धरतात, तेवढं तपासून घ्या. सरकारी आकड्यांनुसार देशाचा मृत्युदर 1957 मध्ये हजारी 10.8 होता, 1960 मध्ये 25.4 झाला; आनह्वी प्रांतात तो 68.6 होता.

आता शरीरावरचे परिणाम. इथे चुका फार होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

1959 मध्ये जन्मलेली माणसं दुष्काळ नसता तर सुमारे 3 सेंटिमीटर उंच झाली असती, असा एक अंदाज आहे. आनह्वीतल्या वूहू शहरातल्या नोंदींवरून 2005 मध्ये असं दिसलं की 1959 मध्ये, म्हणजे भूक शिगेला पोचण्याआधी, जन्मलेल्यांत स्किझोफ्रेनियाचं (एक गंभीर मानसिक आजार) प्रमाण 0.84 टक्के होतं, 1960 च्या मुलांत 2.15 आणि 1961 च्या मुलांत 1.81. म्हणजे आईच्या पोटात असताना उपाशी राहिलेल्यांत धोका दुप्पट. नेदरलँड्समध्ये 1944-45 च्या हिवाळ्यातल्या उपासमारीनंतरही हेच दिसलं होतं आणि पुढे क्वांगशी प्रांतातल्या नोंदींतही. म्हणून हा निष्कर्ष मी भक्कम मानतो.

मधुमेहाचं तसं नाही. 'दुष्काळात गर्भात असलेल्यांना मधुमेहाचा धोका कित्येक पट' असे लेख 2010 नंतर भराभर आले. त्यातल्या बऱ्याच लेखांत तुलना होती 1959-61 मध्ये जन्मलेल्यांची आणि त्यानंतर जन्मलेल्यांची. पण पहिला गट वयानंच दोन-तीन वर्षांनी मोठा आहे आणि पन्नाशीच्या आसपास मधुमेह वयाबरोबर वेगानं वाढतो. म्हणजे दुष्काळाच्या नावावर वयाचा परिणाम खपवला गेला. 2017 मध्ये हे सगळे अभ्यास एकत्र करून तुलनेला दुष्काळाआधीचे आणि नंतरचे असे दोन्ही गट घेतले, तेव्हा मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा यांवरचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. स्किझोफ्रेनियाचा मात्र टिकला. असा लेख हाती आला तर आधी तुलनेच्या गटाची जन्मवर्षं बघा. मग बघा की दुष्काळाची तीव्रता प्रांतावर मोजलीय की जिल्ह्यावर, कारण एकाच प्रांतातल्या शेजारच्या जिल्ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक होता.

याउलट एक चूक परिणाम कमी दाखवते. जी मुलं जगली ती मुळातच काटक होती. अशक्त मुलं आधीच गेली. त्यामुळे वाचलेल्यांची सरासरी उंची फारशी कमी दिसत नाही. यावरचा तोडगा मला फार आवडतो: वाचलेल्यांची मुलं मोजायची. त्यांना उपास घडलेला नाही, पण आईबापांचा काटक वारसा आहे. ती मुलं सरासरीपेक्षा उंच निघाली, तर आईबापांची उंची भुकेनं किती खुंटली होती ते कळतं. आणि ती उंच निघाली.

लोकसंख्येचा हिशेब सोपा आहे. 1961 मध्ये चीनमध्ये सुमारे 1 कोटी 19 लाख मुलं जन्मली, 1963 मध्ये सुमारे 2 कोटी 95 लाख. हा खड्डा आणि त्यामागची लाट शाळेच्या पटावर दिसली, पुढे लग्नाच्या बाजारात जोडीदारांच्या वयाचं गणित बिघडवून गेली. 2023 मध्ये त्या लाटेतले पुरुष साठीचे झाले आणि निवृत्तिवेतनावरचा ताण एकदम वाढला.

समाजरचनेवरचा सगळ्यात मोठा ठसा, माझ्या मते, गाव आणि शहर यांच्यातल्या भिंतीचा आहे. हुकोऊ म्हणजे कुटुंबनोंदणीचा कायदा जानेवारी 1958 चा, पण त्याला धार आली ती दुष्काळात. शहरी नोंदणीवाल्याला रेशन होतं, कुपनं होती. गावकऱ्याला फक्त आपल्या कम्यूनचं (अनेक गावांची शेती एकत्र करून केलेल्या सामुदायिक संस्थेचं) पातेलं. शहरांतही उपासमार झाली, अंगावर सूज आली, पण मेली ती बहुतांशी खेड्यातली माणसं, म्हणजे धान्य पिकवणारीच. 1961 ते 63 मध्ये शहरांतून सुमारे 2 कोटी लोकांना परत गावी धाडलं, म्हणजे तितकी तोंडं रेशनवरून उतरली. धान्याची कुपनं 1993 पर्यंत चालली. हुकोऊ अजून आहे, आणि शहरात राबणाऱ्या मजुराच्या मुलाला त्या शहरातली शाळा सहज मिळत नाही याचं मूळ तिथपर्यंत जातं.

विश्वासाचं काय झालं, यावर एक फार हुशारीचा अभ्यास झालाय. सरकारचं म्हणणं होतं की हा सगळा निसर्गाचा कोप. ज्या भागात त्या वर्षांत खरंच पाऊस कमी होता, तिथल्या लोकांनी ते बऱ्यापैकी मानलं. पण जिथे पाऊस नेहमीसारखा पडला आणि तरी डोळ्यांसमोर घरातली माणसं गेली, तिथल्या लोकांना कारण कळलं. पन्नास वर्षांनी विचारलं तेव्हा अशा भागांतल्या वाचलेल्यांचा स्थानिक सरकारवरचा विश्वास कमी निघाला, आणि त्यांच्या मुलांचाही. वरच्या पातळीवरही हे ठाऊक होतंच. देशाचे तेव्हाचे अध्यक्ष लिऊ शाओची 1961 मध्ये हूनानमधल्या आपल्या गावी जाऊन आले आणि जानेवारी 1962 मध्ये भर परिषदेत म्हणाले की शेतकऱ्यांच्या मते दोष 3 भाग निसर्गाचा, 7 भाग माणसांचा. माओंनी 1966 मध्ये सुरू केलेल्या सांस्कृतिक क्रांतीत त्यांना हे फार महाग पडलं.

शेतीसुधारणांचा नकाशाही तोच. ज्या प्रांतांत भोजनगृहं सर्वाधिक लादली गेली आणि माणसं सर्वाधिक मेली, तेच पुढे सामुदायिक शेती सोडण्यात पुढे होते. आनह्वीत 1961 मध्येच 'जबाबदारीची शेतं' म्हणून घरटी जमीन कसायला देऊन पाहिली होती. 1962 मध्ये ती मोडून काढली. 1978 च्या अखेरीस त्याच प्रांतातल्या फंगयांग जिल्ह्यात श्याओकांग गावच्या 18 शेतकऱ्यांनी गुपचूप कागद करून जमीन वाटून घेतली आणि खाली अंगठे उमटवले. त्यात एक कलम असं होतं की पुढाऱ्यांना तुरुंग झाला तर त्यांची मुलं 18 वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची. प्रांताचे प्रमुख वान ली यांनी पाठीशी घातलं म्हणून ते टिकलं. पाच-सहा वर्षांत देशभरातली कम्यून मोडली.

शेवटी, कशाचा संबंध जोडू नये तेही सांगतो. 'जेवलात का?' या चिनी अभिवादनाचं मूळ या दुष्काळात आहे असं नेटवर फिरतं. ते चूक आहे. हे अभिवादन त्याच्या कितीतरी आधीचं आहे. 2021 चा अन्न वाया घालवण्याविरुद्धचा कायदा किंवा लागवडीखालची जमीन 12 कोटी हेक्टरांखाली जाऊ द्यायची नाही ही लाल रेषा यांचा संबंधही फक्त दुष्काळाशी जोडू नये; यांमागे आयात आणि बाजारभावाचीही कारणं आहेत. संकरित भाताचे जनक युआन लाँगपिंग यांच्याबद्दल मात्र शंका नको: रस्त्यावर उपासमारीनं पडलेले मृतदेह पाहिले आणि तिथून पुढे काम भातावरच केलं, हे ते स्वतः सांगत.