दूध विरजलं तरी हिशेब राहतो

पत्र : दीड वर्ष दारूला शिवलो नाही. पिण्याच्या दिवसांत थोरल्या भावाकडून ४० हजार घेतले होते. आता विहारात जातो. सगळं अनित्य, कायमचा ‘मी’ असा कुणी नाही, हे पटलंय. मग पैसे घेणारा तो माणूसच उरला नाही, तर फेडायचे कुणी? दादा म्हणतो, तू दारुड्याच राहणार. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दीड वर्ष टिकलात, हे सोपं नव्हे. पण तुमचा हा मुद्दा ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात कधीच निकालात निघालाय. भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतात : एकानं गवळ्याकडून घडाभर दूध विकत घेतलं आणि ‘उद्या नेतो’ म्हणून तिथंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याचं दही झालेलं. गिऱ्हाईक भांडायला लागलं, ‘मी दही घेतलं नव्हतं, माझं दूध दे!’ राजानं निकाल गवळ्याच्या बाजूनं दिला, कारण दही त्याच दुधापासून झालं. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरही हाच न्याय लागेल.

त्याच ग्रंथात म्हटलंय, ‘न च सो, न च अञ्ञो’ : तोच नव्हे आणि दुसराही नव्हे. पैसे घेणारे तुम्ही आणि आजचे तुम्ही, यांचंही दूध-दह्यासारखंच. तुम्ही यातलं पहिलं अर्धंच उचललंत. मागचं सगळं तुटलं असं मानणं हा उच्छेदवाद. दादाची चूक उलटी. माणूस बदलतच नाही, हा शाश्वतवाद. बुद्धांनी दोन्ही टोकं नाकारली. कारणं असतील तर परिणाम, इतकंच. (सोयीपुरतं अनात्म, म्हणजे ‘कायमचा मी नाही’ हे तत्त्व, वापरणारे पुष्कळ भेटतात. पगार मात्र सगळे स्वतःच्याच खात्यावर घेतात.)

अनेकांचे जीव घेणारा दरोडेखोर अंगुलिमाल भिक्खू झाल्यावरही भिक्षेला गेला की त्याच्यावर दगड येत. डोकं फुटून, पात्र मोडून तो परतला, तेव्हा बुद्धांनी त्याला सांगितलं : सहन कर, हे तुझ्याच कर्माचं फळ आहे. त्यामानानं दादाचे टोमणे काहीच नाहीत.

आता पैशाचं. दादासमोर वहीत रक्कम लिहा, दोघं सह्या करा, एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. महिना २ हजार दिलेत तर २० महिन्यांत फिटतात. जोशात ५ हजार कबूल करू नका. तिसरा हप्ता चुकला की दादाचंच म्हणणं खरं ठरेल.

आणि न पिणंही अनित्यच आहे, कारणांवर उभं आहे. जुन्या अड्ड्याचा रस्ता टाळणं, संध्याकाळी सातला कुठंतरी गुंतलेलं असणं, ही ती कारणं. ती सुटली की काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. पगार झाला की त्याच दिवशी हप्ता द्या, म्हणजे खिशात रोकड घेऊन संध्याकाळ काढावी लागणार नाही.