भावना दुखावल्या म्हणजे लगेच गुन्हा होत नाही

तुम्ही विचारलंय की सरकारी निर्णयावर टीका करणारी पोस्ट टाकली तर एकाने 'भावना दुखावल्या, पोलिसात जातो' अशी धमकी दिली, मग बोलण्याचं स्वातंत्र्य देणारं राज्यघटनेचं कलम १९ नुसतं कागदावरच आहे का. कागदावर नाहीये, पण तो हक्क कोर्टात मिळतो आणि मिळतो तो उशिरा, खरी अडचण ती आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकांची केस बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ५ ऑगस्ट (कलम ३७० हटवलं तो दिवस) हा जम्मू काश्मीरसाठी काळा दिवस असं लिहिलं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या, एवढ्यावरून भारतीय दंड संहितेचं १५३अ, म्हणजे गटागटांत वैर पसरवण्याचं कलम लागलं. मुंबई हायकोर्टाने गुन्हा रद्द करायला नकार दिला, शेवटी मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने रद्द केला आणि स्पष्ट सांगितलं की ३७० हटवण्यावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि शब्दांचा परिणाम मोजायचा तो समजूतदार, खंबीर मनाच्या माणसावर, चटकन बिथरणाऱ्यावर नाही. ही कसोटी आजची नाही हं, १९४६ साली नागपूर हायकोर्टात न्या. विव्हियन बोस यांनी घालून दिलेली आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते, कारण ती नसेल तर ज्याला सगळ्यात लवकर राग येतो तोच ठरवणार बाकीच्यांनी काय बोलायचं.

बोलण्याच्या हक्कावर कुठली बंधनं घालता येतात ते कलम १९(२) मध्ये आहे, वाचा एकदा. अब्रुनुकसानी, कोर्टाचा अवमान, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्याला चिथावणी वगैरे आहे, नुसतं 'भावना दुखावणं' त्यात कुठेच नाही, आणि या यादीत बाहेरून भर घालता येत नाही हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०२३ मध्ये सांगितलंय. धार्मिक भावनांचं कलम आहे (आता बीएनएस, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम २९९), पण तिथेही जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेलं असावं लागतं.

पण निकाल लागला म्हणून पोलीस स्टेशनपर्यंत पोचतोच असं नाही. २०१२ ला पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली तेव्हा आयटी कायद्यातलं ऑनलाइन मजकुराचं कलम ६६अ गाजलं, २०१५ ला ते घटनाबाह्य ठरलं, तरी गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाला परत आदेश काढावा लागला की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. सात वर्षं! याचा मला अजून संताप येतो.

तुमच्या कामाचा निकाल मार्च २०२५ चा आहे, काँग्रेसचे खासदार आणि कवी इम्रान प्रतापगढींच्या कवितेवरचा, सुप्रीम कोर्टाचा. बोलण्या-लिहिण्याचा गुन्हा असेल आणि शिक्षा तीन ते सात वर्षांच्या टप्प्यात येत असेल तर थेट एफआयआर न करता बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे तपास-खटल्याचा कायदा) कलम १७३(३) प्रमाणे आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करणं योग्य, असं कोर्ट म्हणालं. म्हणून पोलिसांचा फोन आलाच तर वाद घालू नका, वकिलामार्फत या कलमाचा हवाला देऊन आधी प्राथमिक चौकशी करा असा लेखी अर्ज द्या. तरीही गुन्हा दाखल झाला तर याच कायद्याच्या कलम ५२८ खाली हायकोर्टात रद्द करायचा अर्ज करता येतो. आणि घाबरून पोस्ट डिलीट करत असाल तर आधी तिचा आणि खालच्या सगळ्या कमेंटचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, कारण समोरचा त्यातली एकच ओळ उचलून दाखवणार आणि मागचापुढचा संदर्भ तुम्हालाच कोर्टासमोर ठेवावा लागणार.