मामींकडे पैसे कसे मागायचे?

घरून व्यवसाय करणाऱ्या बायका माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा बोलण्याची सुरुवात धंद्याने क्वचितच होते. झोप लागत नाही, मुलांवर उगाच ओरडलं जातं, नवऱ्याशी साधं बोलताना आवाज चढतो, अशा तक्रारी असतात. उठायची वेळ झाली की मग मुख्य गोष्ट बाहेर येते. "मॅडम, एक विचारू? ओळखीच्या माणसांकडे पैसे कसे मागायचे?" ब्लाउज शिवणारी, शिकवण्या घेणारी, केक करणारी, घरी पार्लर चालवणारी, सगळ्यांचा प्रश्न हाच. अनोळखी गिऱ्हाईक परवडतं, पण नात्यातलं, सोसायटीतलं, भिशीतलं माणूस समोर आलं की जीभ रेटत नाही.

या प्रश्नाचं उत्तर म्हणून एका बाईंची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव देत नाही, नुसतं ‘ताई’ म्हणते.

ताई सिंहगड रस्त्याच्या बाजूला राहतात. चाळिशी ओलांडलेली, मिस्टर चाकणला कंपनीत शिफ्टमध्ये, घरी सासूबाई आणि दोन मुलं. लॉकडाउनच्या काळात सोसायटीतल्या एका आजारी कुटुंबाला डबा दिला, त्यातून पोळीभाजीची कामं आली आणि मग दिवाळीचा फराळ. भाजणीच्या चकलीला तर नवरात्रापासून विचारणा सुरू व्हायची. तरीही ताईंना त्या वर्षी दिवाळी नकोशी झाली होती. रात्री दोनला जाग यायची आणि डोक्यात आकडे फिरायचे.

पहिल्या भेटीला त्या चकलीचा डबा घेऊन आल्या. मी विचारलं, "याचे किती झाले?"

"अहो मॅडम, तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे!"

त्या तासाची फी मी त्यांच्याकडून घेणार होते, हे दोघींनाही माहीत होतं. मी तसं म्हटल्यावर त्या हसल्या, मग गप्प झाल्या आणि मग डोळे पुसायला लागल्या. इतक्या लवकर मुद्द्याला हात घालायची वेळ माझ्यावर सहसा येत नाही.

बोलता बोलता कळलं, की एका वहीच्या मागच्या पानावर उधारीची यादी आहे. काही नावं दोन दिवाळ्यांपूर्वीची. बेरीज अकरा हजारांच्या वर. यादीत सगळ्यात वर मामी, म्हणजे मामेसासूबाई, १८४० रुपये. खाली एक चुलत नणंद, दोन शेजारणी, मुलाच्या शाळेतल्या बाई. "मागितले तर म्हणतील, पैशाला हपापली. सासूबाई तर आधीच म्हणतात, घरात काय कमी आहे म्हणून हे चाललंय."

हे नुसतं भिडस्तपण आहे असं म्हणून सोडून देता येत नाही. मी त्यांना आईबद्दल विचारलं. माहेर वाईचं. आई उन्हाळाभर वाळवणं घालायची, गल्लीतल्या प्रत्येक लग्नाचं रुखवत करून द्यायची, कधी रुपया घेतला नाही. सगळे अन्नपूर्णा म्हणायचे. "आणि गल्लीतले लोक आईसाठी काय करायचे?" ताई थोडं थांबून आठवायला लागल्या. शेजारच्या काकू त्यांचे फ्रॉक शिवायच्या. आई आजारी पडली तेव्हा महिनाभर जेवण आलं. ताईंच्या लग्नात अख्खी गल्ली राबली. म्हणजे आईच्या व्यवहारात पैसा नव्हता, पण परतफेड होती आणि ती प्रत्येकाला लक्षात होती. इथे मामी कोथरूडहून चकल्या पाडायला येणार नव्हत्या. आईचा नियम ताईंनी उचलला, पण तो ज्या गल्लीत चालायचा ती गल्ली त्यांच्याकडे नव्हती. हे ध्यानात आल्यावर ‘मी आईसारखी चांगली नाही’ ही टोचणी बरीच बोथट झाली. पूर्ण गेली नाही.

या सगळ्यात भर घालत होते मोबाइलवरचे प्रेरणादायी व्हिडिओ. ताई ते रोज बघायच्या. किरण मजुमदार-शॉ यांनी १९७८ मध्ये बंगळूरला एका गॅरेजमध्ये, १० हजार रुपयांच्या भांडवलावर बायोकॉन ही जैवतंत्रज्ञान कंपनी सुरू केली. फाल्गुनी नायर यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर बँकिंगमधलं मोठं पद सोडून २०१२ मध्ये नायका ही सौंदर्यप्रसाधनं ऑनलाइन विकणारी कंपनी उभी केली. "आणि मला मामींकडे १८४० रुपये मागता येत नाहीत!" असं म्हणून ताई स्वतःवरच चिडायच्या. मला या व्हिडिओंचा राग आहे, तो एवढ्यासाठी की ते पहिलं पान आणि शेवटचं पान दाखवतात. मधलं गाळतात. मजुमदार-शॉ तेव्हा पंचविशीच्या होत्या, तारण ठेवायला काही नव्हतं, बँका दारात उभं करत नव्हत्या. हे एका वाक्यात उरकतं आणि मागे संगीत सुरू होतं.

मी ताईंना दुसऱ्या दोन गोष्टी सांगितल्या. एक लिज्जत पापडची. १५ मार्च १९५९ला मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, तीही ८० रुपये उसने घेऊन. इथवर सगळ्यांना माहीत असतं. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: धंदा तोट्यात गेला तरी देणगी घ्यायची नाही हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं, आणि पापड लाटणाऱ्या प्रत्येक बहिणीला लाटण्याची मजुरी मिळते, वर नफ्यातोट्यात वाटा. म्हणजे लाटणारे हात आधी खर्चात धरले, नफा त्यानंतर.

दुसरी गोष्ट सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची. चेतना सिन्हा आणि त्यांच्याबरोबरच्या बायकांनी माणदेशात महिलांची सहकारी बँक काढायचा अर्ज केला, तो रिझर्व्ह बँकेने फेटाळला, कारण सभासद बायका अंगठेबहाद्दर. बायकांनी लिहा-वाचायचे वर्ग लावले, पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज सांगायला सांगा, आम्ही तोंडी करतो. तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा आणि बघा कोणाचं आधी होतं ते. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

ताईंना दुसरी गोष्ट फार आवडली. त्या बीकॉम. "मग तुमचा हिशेब कुठे आहे?" मी विचारलं. उधारीची यादी होती, हिशेब नव्हता.

तो आम्ही माझ्या टेबलावर मांडला. एक किलो चकलीला भाजणीचं धान्य आणि दळण ७० रुपये, तेल ७०, मोहन-तीळ-ओवा-तिखट २०, गॅस १५, पिशवी आणि लेबल १५, मदतीला येणाऱ्या मावशींची मजुरी ५०, पोचवायचं पेट्रोल १०. एकूण २५०. बाहेरच्यांना भाव ३६०, नातेवाईक आणि मैत्रिणींना ‘घरचा भाव’ २८०. गिऱ्हाइकांत निम्म्याहून जास्त घरचेच. म्हणजे घरच्या भावात मावशींना किलोमागे ५० आणि कढईसमोर उभ्या राहणाऱ्या मालकिणीला ३०. तेसुद्धा मामींनी दिले तर.

ताई त्या कागदाकडे बघत राहिल्या. "माझी मजुरी कुठेच नाही," त्या म्हणाल्या. मग पेन घेऊन स्वतःच शेवटची ओळ लिहिली: माझी मजुरी ५०. एकूण ३००. २८०ला विकलं तर किलोला २० रुपये त्या पदरचे घालत होत्या, तेही रात्री जागून.

रात्री दोनला डोक्यात फिरणारे आकडे त्यानंतर कमी झाले, असं त्या पुढच्या भेटीत सांगत होत्या. यात नवल नाही. कागदावर न उतरलेला आकडा डोक्यात वाढत जातो. चिंतेच्या कामात आम्ही समुपदेशक बरंच बोलतो, पण कधी कधी साधी बेरीज जास्त उपयोगी पडते.

वसुली मात्र बाकी होती. इथे मिस्टर पुढे सरसावले. एका सत्राला ते आले होते. आधी त्यांचा सूर "तिचा छंद आहे, त्रास होत असेल तर बंद करू" असा होता. हिशेबाचा कागद बघितल्यावर म्हणाले, "मामींना मीच फोन लावतो." मी थांबवलं. पैसे आले असते, पण ताईंचं जड जाणं जागच्या जागी राहिलं असतं आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा त्यांनाच फोन करावा लागला असता.

मग मी मामी झाले. समोरासमोर बसून सराव. ताईंचं पहिलं वाक्य असं: "मामी, राग मानू नका हं, म्हणजे अजिबात घाई नाहीये, तुमच्या सवडीने, पण ते मागचं जरा जमलं तर..." मी मामींच्या आवाजात म्हटलं, "बरं बरं, बघते." विषय संपला! दोघीही हसलो. घोळवत घोळवत चार-पाच फेऱ्यांनंतर मेसेज असा झाला: ‘मामी नमस्कार. मागच्या दिवाळीच्या फराळाचे १८४० रुपये बाकी आहेत. याच नंबरवर जीपे कराल का?’ ताईंना शेवटी हात जोडलेले तीन इमोजी हवे होते. एकावर तडजोड झाली.

पाठवण्याआधी मी त्यांना लिहायला सांगितलं: काय होईल असं वाटतंय, आणि त्याची किती खात्री आहे. त्यांनी लिहिलं, ‘मामी बोलणं टाकतील, सासूबाईंना फोन करतील. ९० टक्के.’ हा आमचा नेहमीचा प्रयोग. भीतीला तोंडी वाद घालून हरवता येत नाही, तिने केलेलं भाकीत तपासून बघता येतं. आणि सुरुवात सगळ्यात अवघड माणसापासून करायची नाही. आधी शेजारणी, मग शाळेतल्या बाई, मग मामी.

मामींचं उत्तर वीस मिनिटांत आलं. "अगं हो की! साफ विसरले. तूच आठवण करायची ना." पैसेही आले. ताईंना हायसं वाटेल अशी माझी अपेक्षा. त्या संतापल्या होत्या. "मी जागून काढतेय आणि ह्या विसरल्या होत्या!" त्या रागाला पण जागा दिली पाहिजे. बराच वेळ त्याच्यावरच बोललो.

चुलत नणंदेचं तसं झालं नाही. तिने निम्मे पैसे पाठवले आणि खाली लिहिलं, ‘इतकी हाव बरी नव्हे.’ त्या वर्षी तिच्याकडच्या मंगळागौरीला ताईंना बोलावणं आलं नाही. भीती खरी ठरलीच नाही असं मी कुणाला सांगणार नाही. यादीतल्या एका नावापुरती ती खरी ठरली. ताईंना त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. फक्त त्याने झोप उडाली नाही.

पुढची पायरी मी सुचवली नव्हती. डिसेंबरात ताई पुण्यातल्या भीमथडी जत्रेत गेल्या आणि कुरडया-पापड विकणाऱ्या बचतगटाच्या एका बाईंशी तासभर गप्पा मारून आल्या. त्या बाईंचं म्हणणं एवढंच: "अर्धे पैसे आधी, मग पीठ भिजवायचं. नात्यातलं असलं तरी." ताईंनी विचारलं, राग नाही येत लोकांना? "येतो की. काही परत येतात, काही येत नाहीत."

माझ्या चार सत्रांचं काम त्या बाईंनी एका स्टॉलवर केलं, आणि मला ते मान्य करायला आवडतं. व्यवसाय करणाऱ्या बायकांकडून शिकायचं ते हे. पैसे मागताना त्यांनाही अवघडल्यासारखं होतच असणार. त्यांनी प्रत्येक वेळी मागावंच लागू नये अशी सोय करून ठेवलेली असते. ताईंनी दरपत्रक बनवलं, ऑर्डरबरोबर निम्मी रक्कम आगाऊ आणि बाकीची डबा हातात देताना. ‘घरचा भाव’ बंद. त्याऐवजी जवळच्या पाच घरांना दिवाळीत एकेक डबा भेट, आणि तो खर्चात ‘भेट’ म्हणून लिहायचा. सासूबाईंना यातला भेटीचा भाग एकदम पटला. भावाबद्दल त्यांचं मत असं, की वाढव हवा तर, पण तेल बदलू नकोस.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. ताईंकडून एका एजंटने लहान उद्योगांच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीसाठी दीड हजार मागितले होते. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते. अन्न सुरक्षेची साधी नोंदणी लहान व्यावसायिकाला अगदी थोड्या शुल्कात मिळते. मुद्रा या सरकारी कर्जयोजनेत ‘शिशु’ या सगळ्यात लहान गटात ५० हजारांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं. ‘मला कोण विचारणार’ या भावनेतून बायका एजंटांना असे पैसे भरत राहतात. आणि पैशाच्या काळजीने आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर हिशेबाच्या वहीवर भागवू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.

मागच्या दिवाळीला ताईंनी चकलीचा भाव ४२० केला. ऑर्डरी साधारण पाव हिश्शाने घटल्या, हाती पैसा आधीपेक्षा जास्त राहिला. मामींनी आगाऊ रक्कम पाठवली आणि खाली लिहिलं, या वेळी तिखट जरा कमी घाल. ताई अजूनही मोठी रक्कम मागायच्या आधी मेसेज दोनदा खोडून लिहितात. माझ्याकडे येणं आता दोन-तीन महिन्यांतून एकदा.

गेल्या खेपेला आल्या त्या वेगळंच कोडं घेऊन. मदतीच्या मावशींनी मजुरी वाढवून मागितली होती, किलोला ७०. "किती सहज मागितली हो त्यांनी! कढई पुसता पुसता म्हणाल्या, ताई, पुढच्या महिन्यापासून सत्तर करा." ताईंना राग आला होता, कौतुकही वाटत होतं, आणि कागदावर सत्तर बसत नव्हते. आम्ही पुन्हा बेरीज मांडली. ६० वर ठरलं.